‘रिकामा वेळ’ नावाचा रकाना

(आमच्या वार्षिक शिबिरात ‘नवी कामे, नव्या बायका’ या सत्रात एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. तिच्या इच्छेवरून तिचे व संबंधित कंपनीचे नाव दिलेले नाही. – संपादक मंडळ)

मला इथं बोलवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी कार्यकर्ती नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी माझ्या जन्माच्या आधीपासून मोर्चे काढतायत, कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. तुम्हाला मी काय सांगणार? पण ज्या ताईंनी मला बोलवलं त्या म्हणाल्या, “तू फक्त काय झालं ते सांग. जे चुकलं तेही सांग.” म्हणून उभी राहिले आहे. यात चुकलेलंच जास्त आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात आठ आठवडे मी एका मोठ्या विमानतळावर इंटर्नशिप केली. कुठला विमानतळ, कुठली कंपनी, ते मी सांगणार नाही. मला कुणाची भीती वाटते म्हणून नव्हे. ज्या बायकांबद्दल मी बोलणार आहे त्यांतल्या बऱ्याच जणी आजही तिथंच कामाला आहेत. माझं शिकणं झालं, मी परत आले. त्यांना उद्या पहाटे परत तिथंच जायचंय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. आई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. घरात विमानात बसलेलं कुणी नाही. त्यामुळे ‘पोरगी विमानतळावर लागली’ ही बातमी गावात एका दिवसात पसरली. नोकरी नाही, दोन महिन्यांचं शिक्षण आहे, हे मी सांगून दमले, पण कुणी ऐकूनच घेईना. मैत्रिणीचा काळा कोट उसना घेतला, पायाला चावणारे बूट घातले आणि पहिल्या दिवशी गेटवर उभी राहिले. तपासणीच्या वेळी पडद्याआड महिला जवानानं हात फिरवून तपासलं. माझ्या पुढं एक बाई होती, राखाडी गणवेशातली, हातात डब्याची पिशवी. तिचीही तशीच तपासणी झाली. आत गेल्यावर ती डावीकडच्या जिन्यानं खाली गेली आणि मी उजवीकडच्या लिफ्टनं वर. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

वर आमचं ऑफिस होतं. थंडगार, काचांचं. माझ्या वरिष्ठ एक बाईच होत्या. हुशार, कष्टाळू, माझ्याशी अगदी आपुलकीनं वागणाऱ्या. हे मी मुद्दाम सांगते. या गोष्टीत खलनायक शोधायला गेलात तर तुम्हाला तो मिळणार नाही. त्या विभागात वरच्या जागेवर त्या एकट्याच बाई होत्या. त्यांनी मला विषय दिला, ‘प्रवाशांच्या समाधानाच्या दृष्टीने स्वच्छतागृहांच्या मनुष्यबळाचा अभ्यास’.

मला थोडं वाईट वाटलं. विमानतळावर येऊन संडासांचा अभ्यास! पण त्यांनी समजावून सांगितलं. एअरपोर्ट्स कौन्सिल इंटरनॅशनल ही विमानतळांची जागतिक संघटना आहे. तिच्या वतीनं प्रवाशांच्या समाधानाची पाहणी होते आणि त्यात स्वच्छतागृहं कशी होती हेही विचारतात. त्यावरून विमानतळाला गुण मिळतात. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या साहेबांची प्रतिष्ठा शेवटी खालच्या मजल्यावरच्या फडक्यावर उभी असते! शिवाय प्रत्येक स्वच्छतागृहाच्या दाराशी एक यंत्र होतं. हसरा चेहरा, गप्प चेहरा, रडका चेहरा. प्रवाशानं जाता जाता बोट लावायचं. रडका चेहरा लागोपाठ दोन-तीनदा दाबला गेला की सुपरवायझरच्या फोनवर सूचना जायची आणि तो धावत येऊन तिथल्या बाईला जाब विचारायचा.

माझं काम असं होतं : रोज वेगवेगळ्या पाळीत एकेका स्वच्छतागृहाशी उभं राहायचं. किती प्रवासी आले, सफाई करणारी बाई कुठल्या मिनिटाला काय करते, हे फोनमधल्या घड्याळावर मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. तक्त्यात तीन रकाने होते. ‘प्रत्यक्ष काम’, ‘ये-जा’ आणि ‘रिकामा वेळ’. ते रकाने मीच आखले होते. नावंही मीच दिली होती. कॉलेजात तसंच शिकवलं होतं.

सफाईचं काम ठेकेदाराकडं होतं. शेजारशेजारच्या दोन महिला स्वच्छतागृहांत मिळून एका पाळीत तीन बायका असायच्या. सगळे त्यांना ‘मावशी’ म्हणायचे. सुपरवायझरही मावशी म्हणायचा, साहेबही, मीही. नातं जोडणारा किती गोड शब्द आहे आपल्या भाषेत! पण मावशी घरी आली तर आपण तिला आधी पाणी देतो आणि ‘बस’ म्हणतो. इथल्या मावशीला बसायला खुर्ची नव्हती.

आधी त्या माझ्याशी बोलतच नसत. हातात फोन घेऊन उभी असलेली कोट घातलेली मुलगी म्हणजे वरून पाठवलेली, हे त्यांना न सांगता कळत होतं. मी दिसले की त्या कोरडी फरशीसुद्धा परत पुसायला घ्यायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या बुटानं टाच सोलली, रक्त आलं. मी भिंतीला टेकून उभी होते. जालना जिल्ह्यातल्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, काही न बोलता मला हाताला धरून सामानाच्या कोठीत नेलं. कोठी म्हणजे पाइप जातात ती अरुंद जागा. तिथं बादल्या, पोछे, फिनेलचे कॅन. त्यांनी एक बादली पालथी घातली. म्हणाल्या, “बस इथं. आमचं ऑफिस आहे हे.”

त्या पालथ्या बादलीवर बसून पुढचे चार आठवडे मी जे ऐकलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

जालन्याच्या मावशी पहाटे साडेतीनला उठायच्या. भाकऱ्या थापून, पाणी भरून साडेचारला नाक्यावर उभ्या राहायच्या. आठ तासांची पाळी, पण जाण्यायेण्यासकट अकरा-बारा तास घराबाहेर. नऊ वर्षं त्या तिथं काम करत होत्या. नऊ वर्षांत ठेकेदार तीन वेळा बदलला. गणवेशाचा रंग बदलला, पगाराच्या पावतीवरचं नाव बदललं. बाई तीच, संडास तेच, पण दर वेळी ती ‘नवीन कामगार’. ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षं पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट राहिली आहे. ठेकेदार बदलला की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मावशी हसून म्हणाल्या, “मी नऊ वर्षांत तीनदा जन्मले.”

पाळीच्या वेळात बसायचं नाही, असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण बसायला जागाही नव्हती आणि प्रवाशाच्या समोर बसलेली बाई दिसली तर सुपरवायझर ओरडायचा. दिवसभर संडास धुणाऱ्या या बायकांनी तो संडास स्वतः वापरायचा नाही, अशी तोंडी ताकीद होती. कामगारांचं स्वच्छतागृह दोन मजले खाली, लांबच्या टोकाला. जाऊन यायला पंधरा मिनिटं. म्हणून बायका पाणीच कमी प्यायच्या. पाळीचे चार दिवस कसे काढतात हे विचारायची मला लाज वाटली, पण त्यांना सांगायची वाटली नाही. गुडघे, टाचा, कंबर, लघवीची जळजळ, हे दुखणं प्रत्येकीला होतं. ते इतकं सगळ्यांना होतं की त्याला कुणी दुखणं म्हणतच नव्हतं.

आणि ते यंत्र! विमान चार तास उशिरा म्हणून चिडलेली प्रवासी बाई आत यायची आणि जाताना रडका चेहरा दाबून जायची. तिचा राग विमान कंपनीवर, पण जाब द्यायचा मावशींनी. एकदा एका लहान मुलानं खेळ म्हणून तो चेहरा सात-आठ वेळा दाबला. सुपरवायझर धावत आला. मावशींनी मुलाकडं बोट दाखवलं तर तो म्हणाला, “मशीन खोटं बोलत नाही.”

आता तिसऱ्या बाईबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दोन स्वच्छतागृहं, तीन बायका. वरवर पाहता एक जास्तीची. पण दोघी दोन दाराशी असायच्या आणि तिसरी आळीपाळीनं एकेकीला सोडवायची. त्या वेळात सुटलेली बाई डबा खायची, दोन मजले खाली जाऊन यायची किंवा पालथ्या बादलीवर पाच मिनिटं टेकायची. दुपारी विमानं कमी असायची तेव्हा प्रत्येकीला वीस-पंचवीस मिनिटं मिळायची. ही सगळी व्यवस्था त्यांनी आपापसांत बसवलेली होती. ठेकेदाराच्या कागदावर ती कुठंच नव्हती. ती तिसरी बाई म्हणजे त्या तिघींची विश्रांती होती.

आणि मी ती विश्रांती मोजत होते. माझ्या तक्त्यात ती ‘रिकामा वेळ’ या रकान्यात जात होती.

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का? खरं सांगते, दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत होत्या. बादलीवर बसले की मी त्यांची भाची होते. लॅपटॉपसमोर बसले की विद्यार्थिनी. संध्याकाळी आकडे भरताना मला मावशी दिसत नव्हत्या, टक्केवारी दिसत होती. आठवड्यांच्या आकड्यांचा सुंदर रंगीत आलेख तयार झाला. दुपारच्या वेळात जवळजवळ एकतृतीयांश वेळ ‘रिकामा’. माझ्या वरिष्ठ बाई फार खूश झाल्या. म्हणाल्या, “मग यातून निष्कर्ष काय निघतो?” मला तो पाठच होता. गर्दी नसलेल्या वेळात तीनऐवजी दोन बायका पुरतील. मीच बोलले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. बैठकीत साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “छान, आकड्यांत बोलते ही.”

त्या रात्री आईला फोन केला. कौतुक ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे बाया बसत्यात म्हणून तू सांगितलंस होय?” मी म्हटलं, तसं नाही आई, तो अभ्यास असतो. ती म्हणाली, “बसलेली बाई कुणाला बघवती का गं? तुझ्या आजीला बघवायची नाही, तुझ्या बापाला बघवत नाही, हेडमास्तरांना बघवत नाही. आता तुलाबी बघवंना.”

मैत्रिणींनो, स्त्रीमुक्तीवरची पुस्तकं मी नंतर वाचली. घरातलं बाईचं काम कामच धरलं जात नाही, हे तुम्ही तीस-चाळीस वर्षं सांगत आला आहात. पण ते मला पहिल्यांदा कळलं ते आईच्या या वाक्यानं. घरात बाईचं काम मोजत नाहीत आणि विमानतळावर ते सेकंदावर मोजतात. दोन्हीकडं शेवट एकच होतो, बाई बसलेली दिसली की ती रिकामी. पुरुष पारावर बसला तर तो बसलेला असतो. बाई बसली तर ती कामचुकार असते.

दुसऱ्या दिवशी मी अहवालाला दोन पानं जोडली. खुर्च्या हव्यात, जवळचं स्वच्छतागृह वापरू द्यावं, तिसरी बाई कमी केली तर डब्याला आणि लघवीला सोडवणार कोण, हे सगळं लिहिलं. वरिष्ठ बाईंनी ती पानं शांतपणे वाचली. म्हणाल्या, “हे खरं आहे. पण हे आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. ते ठेकेदाराचं काम आहे.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “मलासुद्धा खर्च किती कमी केला यावर मोजतात.” त्या खोटं बोलत नव्हत्या. मला प्रमाणपत्र हवं होतं. त्याहून जास्त म्हणजे तिथं पुढं नोकरी मिळेल अशी आशा होती. घरात कर्ज होतं. मी ती दोन पानं काढून टाकली. त्यांनी काढ म्हटलं नव्हतं. मीच काढली.

अहवाल स्वीकारला गेला. शेवटच्या आठवड्यात दुपारच्या पाळीत तीनच्या दोन झाल्या. तिसरीला पार्किंगच्या सफाईला पाठवलं. उन्हात.

मी मावशींना सांगायला गेले. त्यांना आधीच कळलं होतं. विमानतळावर बातमी विमानापेक्षा लवकर पोचते. मला वाटलं, त्या ओरडतील, किंवा उलट म्हणतील, जाऊ दे पोरी, तुझा काय दोष. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं, “काय लिहिलं होतंस ते दाखव.” मी फोनवर तो आलेख दाखवला. त्यांना रंग समजावून सांगितले. हा हिरवा म्हणजे काम, हा पिवळा म्हणजे ये-जा, हा लाल म्हणजे रिकामा वेळ. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “उभं राहायचा रंग कुठाय?”

मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, “दाराशी आम्ही उभ्या असतो. प्रवासी आला की आत जायचं, नाही आला तर उभं. ते उभं राहणं काम नाय का? बसून दाखव म्हणावं साहेबाला आठ तास उभं.” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. कारण खरंच, तो रकानाच माझ्या तक्त्यात नव्हता. तयारीत उभं राहणं, वाट पाहणं, लक्ष ठेवणं हे मी सगळं ‘रिकामा वेळ’ धरलं होतं. आग विझवणारा बंब विमानतळावर दिवसभर तयार उभा असतो, त्याला कुणी रिकामा म्हणत नाही.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर बसथांब्यावर सहा जणी जमल्या. त्यांनी सांगितलं आणि मी हातानं कागदावर अर्ज लिहिला, ठेकेदाराच्या नावानं, मुख्य कंपनीला प्रत. तीन मागण्या होत्या. बसायला साधन द्या, जवळचं स्वच्छतागृह वापरू द्या, तिसरी बाई परत द्या. सहाही जणींनी सह्या केल्या, एकीनं अंगठा दिला नाही, हट्टानं नाव गिरवलं. महिन्याभरानं मावशींचा फोन आला. कोठीत दोन प्लास्टिकची स्टुलं आली होती. स्वच्छतागृह वापरण्याबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणजे बायका वापरत होत्या. तिसरी बाई परत आली नव्हती. म्हणजे स्टूल होतं, पण त्याच्यावर बसायला सोडवणारं कुणी नव्हतं. माझ्या कामाचा हिशेब हा एवढा आहे. मी तो वाढवून सांगत नाही.

परत आल्यावर मी वाचायला लागले. थोडं तुमच्यासमोर ठेवते, कारण हे आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

विमानाच्या जगात बाईला मोजणं जुनंच आहे. एअर इंडियात हवाई सुंदरीला पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिलं मूल पोटात राहिलं की, नोकरी सोडावी लागे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली. पण चार वर्षांत लग्न नको, ही अट योग्यच ठरवली! म्हणजे अर्धी लढाई जिंकली. ती वरच्या मजल्यावरची बाई. खालच्या मजल्यावरच्या बाईची लढाई वेगळी होती. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट ठेक्यावर द्यायला १९७६ च्या एका अधिसूचनेनं बंदी घातली होती. तिच्या आधारे एअर इंडियातल्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विजय मिळवला. ठेका रद्द झाला तर कामगाराला मुख्य मालकानं सामावून घ्यावं, असं न्यायालय म्हणालं. २००१ मध्ये त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात हा निकाल फिरवला आणि ती अधिसूचनाही रद्द केली. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळ खाजगी कंपन्यांकडं गेले. त्याविरुद्ध विमानतळ कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला होता. तेव्हा मी लहान होते. मावशी तेव्हा गावाकडं कापूस वेचत होत्या.

आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत गेला. नव्या संहितेत आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’साठी कंत्राटी कामगार ठेवायला बंदी आहे. पण सफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामं सहसा ‘मुख्य’ धरायची नाहीत, असं तिथंच लिहून ठेवलंय. स्वच्छतागृहांच्या गुणांवर विमानतळ मिरवणार आणि स्वच्छता मात्र त्याचं मुख्य काम नाही!

दुसरी गोष्ट. एका सुपरवायझरचं वागणं बरं नव्हतं. बायका त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये जायच्या टाळायच्या, जिना चढायच्या. तक्रार का करत नाही विचारलं तर म्हणाल्या, कुणाकडं? लैंगिक छळाच्या तक्रारीचा फलक आमच्या ऑफिसच्या मजल्यावर होता, इंग्रजीत. खाली नव्हता. राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा. त्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे फक्त कायम नोकर नव्हे. ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्या त्यात येतात. म्हणजे मावशीही आणि मीही. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं समिती हवी, तिच्यात निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती हवी. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. हे त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कॉलेजनं सांगितलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जिनं मला धीर दिला. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायची बंदी होती, जायला संडास नव्हते. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी इतर बायकांना घेऊन ‘पेण्कूट्ट’ नावाची संघटना उभी केली. आधी संडासासाठी लढल्या, मग बसण्यासाठी. मालक म्हणायचे, संडास हवा तर पाणी कमी प्या. वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसा कायदा केला. बसण्याचा हक्क! ऐकायला किती साधं वाटतं. पण सहा बायकांनी थांब्यावर लिहिलेला अर्ज आणि तो कायदा यांत फरक फक्त संख्येचा आणि वर्षांचा आहे, असं मला वाटतं.

आता माझी तुम्हाला विनंती आहे.

विमानतळाच्या आत तुम्हाला जाता येणार नाही. तिकीट किंवा पास लागतो. पण ठेक्यावरच्या बायका ज्या बसथांब्यावर पहाटे साडेचारला उभ्या असतात तिथं पास लागत नाही. तिथं जा. २०१३ च्या कायद्याचा मराठी-हिंदीतला एक कागद घेऊन जा.

दुसरं, माझ्यासारख्या मुली आता हजारोंनी या कंपन्यांत शिकायला जातायत. बहुजन घरांतल्या, खेड्यांतल्या, पहिल्या पिढीतल्या. आमच्या हातात पहिल्यांदाच मोजायची साधनं आली आहेत. आम्हाला शिव्या देऊ नका, पण आम्हाला सोडूनही देऊ नका. तुमच्या शिबिरांत बोलवा. इंटर्नशिपला जाण्याआधी बोलवा, परत आल्यावर नव्हे. आणि आम्ही तुमच्या वस्तीत वही घेऊन आलो तर आधी विचारा, हा तक्ता कुणासाठी आहे? रकाने कुणी आखले? हा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार? मावशींनी मला हे पहिल्या दिवशी विचारलं असतं तर कदाचित ती तिसरी बाई आज पार्किंगमध्ये नसती.

त्या कंपनीकडून मला पुढं नोकरीचं पत्र आलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हणणं सोपं नाही, घरचं कर्ज खरं आहे. आणि हो म्हटलं तर आत राहून ते दोन पानांचं टिपण परत जोडता येईल की नाही, याची मला खात्री नाही. कदाचित मीही आवाज खाली करून बोलायला शिकेन. तुमच्यातल्या कुणी अशा जागी काम केलं असेल तर जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी बोला. मला सल्ला हवा आहे, टाळ्या नकोत. टाळ्या मला एकदा मिळाल्यात.

कॉलेजात जमा करायच्या अहवालात मात्र मी एक बदल केला. ‘रिकामा वेळ’ हा रकाना काढला. त्याच्या जागी दोन रकाने घातले, ‘तयारीत उभे राहणे’ आणि ‘विश्रांती’. सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं वर्गीकरण? मी म्हटलं, पुस्तकातलं नाही सर, बादलीवरचं आहे.